कोफा पर्वतरांगेतला एक दिवसाचा ट्रेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲरिझोनाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, यूमा आणि क्वार्टसाइट या गावांच्या मध्ये हायवे ९५ वरून जाताना पूर्वेला एक तांबूस-काळपट भिंत उभी दिसते. तीच कोफाची रांग. बहुतेक गाड्या न थांबता पुढे जातात. जे तिकडे वळायचं ठरवतात, त्यांच्या मनात साधारणपणे खालचे प्रश्न असतात. उत्तरांमध्ये एक मुद्दा पुन्हा पुन्हा येईल: इथली वाट किती किलोमीटरची यापेक्षा ती किती लिटर पाण्याची, हे आधी बघा.

कोफा हे राष्ट्रीय उद्यान आहे का?

नाही. हे राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य आहे आणि त्याचा कारभार अमेरिकेच्या ‘फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस’कडे आहे. राष्ट्रीय उद्यानात माहिती केंद्र, नळ, कठडे, दिशादर्शक पाट्या अशा सोयींची अपेक्षा ठेवता येते. इथे पहिला हक्क वाळवंटी बिगहॉर्न मेंढ्यांचा आहे, आपण पाहुणे. त्यामुळे प्रवेश शुल्क नाही, पण नळही नाही आणि फाटकावर विचारपूस करणारं कुणी नाही.

अभयारण्याची स्थापना १९३९ सालची. फ्रेडरिक रसेल बर्नहॅम या गृहस्थांनी बिगहॉर्न संपत चालल्याचं ओळखलं आणि १९३६ पासून ॲरिझोनातल्या बॉय स्काउट्सना हाताशी धरून मोहीम उभी केली. शाळकरी मुलांच्या रेट्याने इतका मोठा प्रदेश राखला गेला, ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते. एकूण क्षेत्र सुमारे २,७०० चौरस किलोमीटर आहे. त्यातल्या २,००० चौरस किलोमीटरहून अधिक भागाला १९९० मध्ये ‘वाइल्डरनेस’चा दर्जा मिळाला. तिथे मोटार, मोटारसायकल, सायकल काहीच चालत नाही, फक्त पाय. कोफा हे नाव ‘किंग ऑफ ॲरिझोना’ या जुन्या सोन्याच्या खाणीवरून आलं.

एका दिवसात काय काय पाहून होतं?

दोन ठिकाणं प्रसिद्ध आहेत. पाम कॅन्यन ही अरुंद दरी तासा-दीड तासाची, तर सिग्नल पीक हे शिखर पूर्ण दिवसाचं. एकाच दिवशी दोन्ही करायचा मोह होतो, पण थंडीतला दिवस त्याला पुरत नाही. पहिल्यांदाच येत असाल तर पाम कॅन्यन करा, उरलेला वेळ पायथ्याच्या सपाटीवर भटका आणि सिग्नल पीक पुढच्या खेपेला ठेवा.

पाम कॅन्यनची वाट कशी आहे?

क्वार्टसाइटपासून दक्षिणेला सुमारे २९ किलोमीटरवर पाम कॅन्यनची पाटी आहे. तिथून पूर्वेला सुमारे १४ किलोमीटर कच्चा रस्ता. तो जिथे संपतो तिथून पायवाट सुरू होते आणि जेमतेम ८०० मीटर जाते. अंतर ऐकून लोक चपला घालून येतात. वाट मात्र धोंड्यांची आणि घसाऱ्याची आहे, पायाखालचा दगड कधी सरकेल याचा भरवसा नाही. घोट्याला आधार देणारे बूट घाला.

चालताना डाव्या हाताच्या, म्हणजे उत्तरेच्या कड्यावर लक्ष ठेवा. कडा एका जागी उभा चिरल्यासारखा फाटला आहे आणि त्या अरुंद नाळेत वर हिरवे पाम उभे आहेत. दोन्ही बाजूंना ओकाबोका कातळ, मध्येच एवढी हिरवाई, त्यामुळे पहिल्या नजरेत खरं वाटत नाही. नाळ इतकी चिंचोळी आहे की ऊन झाडांपर्यंत फक्त दुपारच्या सुमारास पोचतं. फोटो हवा असेल तर बारा वाजण्याच्या आगेमागे तिथे असा. एरवी झाडं सावलीत आणि कडा उन्हात, दोन्ही एका फोटोत नीट येत नाहीत.

वाटेवरून झाडं दिसतात तिथेच थांबून, बघून परत फिरणं हेच बहुतेकांसाठी योग्य. थेट झाडांपर्यंत जायचं तर नाळेत हाताचा आधार घेत चढावं लागतं. चढताना जमतं, उतरताना त्याच जागी पाय थरथरतात.

वाळवंटात पाम आले कुठून?

हे कॅलिफोर्निया फॅन पाम. यांची वाळलेली पानं गळून पडत नाहीत, खोडाभोवती घागऱ्यासारखी लोंबत राहतात. हिमयुगात हा प्रदेश आजच्यापेक्षा थंड आणि ओला होता, तेव्हा पाम दूरवर पसरले आणि हवा कोरडी होत गेली तसे अशा सावलीच्या, ओल टिकणाऱ्या कपारींत तेवढे उरले, असं एक मत आहे. पक्षी किंवा कोयोटी (कोल्ह्यासारखा प्राणी) यांनी फळं खाऊन बिया इथवर आणल्या, असं दुसरं मत आहे. ते इथे का टिकले, याबद्दल मात्र वाद नाही. कड्यावर पडलेलं पावसाचं पाणी त्याच नाळेत उतरतं आणि ऊन कमी असल्याने ओल सावकाश उडते.

सिग्नल पीक कुणालाही जमेल का?

नाही, आणि हे स्पष्ट सांगितलेलं बरं. सिग्नल पीक हे या रांगेतलं सर्वांत उंच शिखर, उंची १,४८६ मीटर. आकडा छोटा वाटतो, कारण आजूबाजूचं वाळवंट आणखी खाली आहे. नेहमीची वाट कोफा क्वीन कॅन्यनमधून वर चढते. उभा चढ साडेसहाशे मीटरच्या आसपास, जाऊन-येऊन अंतर सात-आठ किलोमीटर. तेवढ्याला सहा-सात तास धरावेत.

वेळ लागतो तो जमिनीमुळे. सबंध रांग ज्वालामुखीच्या राखेची आणि लाव्ह्याची, दोन कोटी वर्षांहून जुनी. हा खडक उभ्या भेगांत फुटतो. म्हणून कडे सरळसोट आणि कड्यांच्या पायथ्याशी तीक्ष्ण कोपऱ्यांच्या दगडांचा ढीग, असं सगळीकडे दिसतं. आखलेली, दुरुस्त केलेली पायवाट नाही. आधी गेलेल्यांनी एकावर एक दगड रचून ठेवलेल्या खुणा दिसतात, त्याही मध्येच गायब होतात. चुकून शेजारच्या नाळेत शिरलात तर ती वर जाऊन कड्याला भिडते आणि तेवढं सगळं उतरून यावं लागतं. त्यात गेलेलं पाणी परत मिळत नाही. ऑफलाइन नकाशा आणि आधी उतरवून घेतलेला ट्रॅक फोनमध्ये असल्याशिवाय निघू नका. दर वळणावर मागे वळून बघायची सवय ठेवा, कारण उतरताना तीच जागा वेगळी दिसते.

माथा रुंद आहे, पण पश्चिमेला कडा एकदम तुटतो. उंचीची भीती असणाऱ्यांनी तिकडे जाऊ नये. दक्षिणेला कॅसल डोमचा सुळका लांबूनही ओळखू येतो, पश्चिमेला कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यापर्यंतच्या रांगा एकामागे एक दिसतात.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते मार्च. दिवसा साधारण १५ ते २५ अंश, रात्री चांगलंच गार. ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये पहाटे निघून अकराच्या आत परतता येईल एवढंच ठरवा. मे ते सप्टेंबर नको. त्या दिवसांत पारा ४० च्या वर असतो, जून-जुलैत ४५ पर्यंतही जातो. कातळ तर रात्रीही निवत नाही. ‘आम्हाला उन्हाची सवय आहे’ म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर.

हिवाळ्यात पाऊस बरा झाला असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये ओतलेलं सोनं वाटावं असे पिवळे खसखशीचे ताटवे फुलतात. दरवर्षी नाही.

पाणी किती न्यायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष झालेलं उत्तर.

पाम कॅन्यनसाठी माणशी दीड ते दोन लिटर. सिग्नल पीकसाठी थंडीत माणशी किमान चार लिटर, दिवस गरम असेल तर पाच-सहा. याशिवाय गाडीत माणशी निदान आठ-दहा लिटर वेगळं. ते ट्रेकचं नव्हे, गाडी अडकली तर लागणारं. त्याला एरवी हात लावायचा नाही.

हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर ठरतच नाही. शर्ट कोरडाच राहतो, म्हणून आपण घामाघूम झालोय हे लक्षात येत नाही. दुपारी टोपीच्या कडेवर आणि पाठपिशवीच्या पट्ट्यांखाली मिठाचे पांढरे चट्टे दिसले की समजायचं, किती गेलं ते. तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पीत राहा.

नुसतंच पाणी ढोसणंही घातक. घामावाटे मीठ जातं, ते भरून न काढता लिटरच्या लिटर पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मग डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं होतं आणि माणूस ‘उन्हाने झालं’ समजून आणखी पाणी पितो. ओआरएसची पाकिटं ठेवा, नाहीतर खारे दाणे, खारवलेले चिप्स असं काही अधूनमधून खात राहा.

परतायचा नियम निघण्यापूर्वीच सगळ्यांनी मिळून ठरवा: निम्मं पाणी संपलं की तोंड फिरवायचं. शिखर दहा मिनिटांवर असलं तरी. दुपार झालेली असते, थकव्याने पाय अडखळतात, म्हणून उतरायला पाणी कमी लागेल हा हिशेब चुकतो. हा निर्णय वर पोचल्यावर घ्यायला ठेवला तर कुणी घेत नाही.

वाटेत कुठे पाणी मिळेल?

मिळणार आहे असं धरून चालू नका. कातळातल्या खोलगट कुंडांत पावसाचं पाणी साठतं, काही ठिकाणी वन्यजीव विभागाने टाक्या बांधल्या आहेत. ते पाणी बिगहॉर्न, हरणं आणि पक्ष्यांचं आहे. माणूस जवळ बसून राहिला तर मेंढ्या पाण्याला येतच नाहीत, लांबून वाट बघत राहतात. म्हणूनच पाण्याच्या जागेपासून पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०० मीटरच्या आत तंबू ठोकायला मनाई आहे.

कोणती गाडी लागेल?

पाम कॅन्यनचा रस्ता कोरड्या दिवसांत साध्या कारने, हळू चालवत, सहसा पार होतो. रस्त्यावर लाटांसारख्या आडव्या वळ्या असतात, गाडी खडखडते. कोफा क्वीन कॅन्यनचा रस्ता वेगळं प्रकरण आहे. तो कोरड्या ओढ्याच्या पात्रातून जातो, वाळू आणि मोठे धोंडे दोन्ही आहेत. तिथे उंच बांधणीची फोर व्हील ड्राइव्हच हवी. पाऊस होऊन गेला असेल तर आधी अभयारण्याच्या यूमा इथल्या कार्यालयात रस्त्याची चौकशी करा. पेट्रोल यूमा किंवा क्वार्टसाइटमध्ये भरा, आत पंप नाही. स्टेपनीत हवा आहे का, हे घरून निघतानाच बघा.

जानेवारी-फेब्रुवारीत क्वार्टसाइटला रत्नं-खडे यांचे बाजार भरतात आणि मोटारघरं घेऊन आलेल्यांची गर्दी असते, तेव्हा पंपावर रांग धरा. तिथल्या स्मशानात उंटाची आकृती मिरवणारा दगडी पिरॅमिड आहे. अमेरिकी लष्कराने एकोणिसाव्या शतकात वाळवंटात उंट वापरून पाहिले, त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अलीची ती समाधी. वाटेवरच आहे, जरूर थांबा.

फोनला रेंज असते का?

हायवेजवळ थोडीफार, कॅन्यनमध्ये नाही असंच समजा. उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण किंवा तशी सोय असलेला फोन गटात एक तरी असावा. मात्र अरुंद नाळेत आकाशच थोडं दिसतं, संदेश जायला उघड्यावर यावं लागतं.

घड्याळाचंही बघा. ॲरिझोनात वर्षभर एकच वेळ चालते. नदीपलीकडचं कॅलिफोर्निया हिवाळ्यात तासभर मागे असतं आणि फोनने तिकडचा टॉवर पकडला तर वेळ आपोआप बदलते. डिसेंबरात सूर्य इथल्या वेळेने साडेपाच-पावणेसहाला मावळतो. वेळेत तासाचा घोळ झाला तर उतरताना अंधार गाठतो. मनगटावर साधं घड्याळ आणि प्रत्येकाकडे डोक्याला लावायची बॅटरी, एवढं हवंच.

निवडुंगाचे काटे टोचले तर?

टोचतीलच, तेव्हा तयारीने या. सगळ्यात त्रासदायक टेडी बेअर चोया हा निवडुंग. लांबून मऊ, सोनेरी लव असल्यासारखा दिसतो आणि मुलांना हात लावावासा वाटतो. प्रत्येक काट्यावर मागे वळलेले बारीक आकडे असतात. नुसता स्पर्श झाला तरी निवडुंगाचा लिंबाएवढा तुकडा तुटून कातडीला चिकटतो. पहिली प्रतिक्रिया दुसऱ्या हाताने ओढण्याची होते, मग दोन्ही हात अडकतात.

खिशात एक मोठ्या दातांचा कंगवा ठेवा. तुकडा आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा सरकवायचा आणि एका झटक्यात बाहेर उडवायचा, समोर कुणी उभं नाही हे बघून. मागे राहिलेले काटे चिमट्याने एकेक काढायचे. चोयाचे तुकडे वाटेवर पडलेले असतात, म्हणून बसताना आधी जमीन बघा. इथला एक जंगली उंदीर हेच तुकडे गोळा करून आपल्या बिळाच्या तोंडाशी रचतो, म्हणजे कोयोटीला नाक घालता येत नाही. कुठे चोयाचा ढीग दिसला तर तो त्याचा असेल.

साप, विंचू?

रॅटलस्नेक आहेत. थंडीत ते बहुधा बिळात असतात, उबदार दिवशी मात्र बाहेर येतात. जिथे नजर पोचत नाही तिथे हात किंवा पाय घालायचा नाही, विशेषतः कातळ चढताना वरच्या टप्प्यावर हात टाकण्याआधी बघायचं. चावला तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं, बर्फ लावणं यातलं काही करू नका. अंगठ्या-घड्याळ काढा, हात किंवा पाय स्थिर ठेवा आणि दवाखाना गाठा.

मधमाश्यांकडे लोक लक्ष देत नाहीत. दक्षिण ॲरिझोनातल्या रानमाश्या आक्रमक आहेत. कपारीतून गुणगुण ऐकू आली तर वाट बदला. मागे लागल्या तर तोंड झाकून गाडीकडे पळा, हात झाडत उभे राहू नका.

बिगहॉर्न दिसतील का?

दिसू शकतील, खात्री देता येत नाही. त्यांचा रंग कातळाचाच. मेंढी शोधण्यापेक्षा हालचाल शोधा, किंवा घरंगळलेल्या दगडाचा आवाज आला की वर बघा. दुर्बीण हवीच. सकाळी लवकर, कड्याखालच्या उतारांवर नजर फिरवत पंधरा-वीस मिनिटं एका जागी बसलात तर चालत राहण्यापेक्षा जास्त शक्यता असते. मेंढी चरायची थांबून तुमच्याकडे टक लावून बघू लागली म्हणजे तुम्ही जास्त जवळ गेलात.

इथे जुने बॉम्बगोळे सापडतात म्हणे, खरं का?

खरं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराचे जनरल पॅटन यांनी वाळवंटी लढाईच्या सरावासाठी या सगळ्या पट्ट्यात तळ उभारले होते. शेजारी आजही यूमा प्रूव्हिंग ग्राउंड हे लष्कराचं शस्त्रचाचणीचं क्षेत्र आहे. न फुटलेला दारूगोळा अधूनमधून आढळतो. कुठलीही धातूची नळकांडी किंवा गंजलेलं कवच दिसलं तर हात लावू नका, जागा टिपून ठेवा आणि कळवा.

त्या काळच्या रणगाड्यांच्या खुणा वाळवंटात काही ठिकाणी अजून दिसतात. बारीक खड्यांचा घट्ट बसलेला थर एकदा मोडला की भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही, म्हणून गाडी रस्त्यावरून खाली उतरवू नये.

आकाश निरभ्र असेल तर पुराची भीती नाही ना?

आहे. लांब डोंगरात कोसळलेला पाऊस कोरड्या पात्रातून इथवर लोंढा होऊन येतो आणि वर ऊन पडलेलं असतं. उन्हाळी वादळांचा काळ जुलै ते सप्टेंबर, पण हिवाळी पावसातही ओढे भरतात. पात्रात गाडी उभी करू नका, मुक्काम तर नाहीच.

लहान मुलं आणि वयस्कर मंडळी येऊ शकतील?

पाम कॅन्यनला हो, काठी आणि चांगले बूट असतील तर. गुडघे दुखणाऱ्यांना उतार जड जातो. सिग्नल पीकला लहान मुलं नेऊ नयेत.

गटात कुणी चिडचिड करायला लागलं, अडखळायला लागलं, असंबद्ध बोलायला लागलं तर ते उन्हाचं लक्षण समजा. सावलीत बसवा, कपडे ओले करा, वारा घाला. बोलण्यात गोंधळ असेल तर तो उष्माघात, तिथे मदत मागवायला क्षणाचाही उशीर नको.

कुत्रा, ड्रोन, दगड गोळा करणं?

कुत्रा पट्ट्याला बांधून चालतो, पण त्याचे पंजे चोयाने सोलवटतात, न आणलेला बरा. ड्रोनला बंदी. दगड फक्त क्रिस्टल हिलच्या ठरवून दिलेल्या भागात, मर्यादित प्रमाणात.

मुक्काम करता येतो का?

येतो, वर्षभरात चौदा दिवसांपर्यंत. गाडी रस्त्यापासून १०० फुटांच्या आत उभी करायची. रात्री आकाश बघण्यासाठी तरी एक मुक्काम करावा असं मी सगळ्यांना सांगतो.

वाट चुकली किंवा गाडी अडकली तर?

वाट चुकल्याचं लक्षात येताच थांबा. आणखी पुढे जाऊन बघू, या विचाराने माणसं खोल नाळेत शिरतात. शेवटची ओळखीची खूण आठवते तिथपर्यंत मागे या. ती सापडली नाही तर सावली बघून बसा आणि संदेश पाठवा.

गाडी अडकली तर गाडीजवळच राहा. तिच्यात पाणी आहे, तिची सावली आहे आणि विमानातून माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. दुपारी चालत हायवे गाठायचा विचार करू नका. टायर वाळूत रुतला असेल तर ॲक्सिलरेटर दाबून तो आणखी खोल जातो. टायरमधली हवा थोडी कमी करा, चाकापुढची वाळू हाताने उपसा आणि सपाट दगड घाला. त्यासाठी हवा भरायचा छोटा पंप आणि फावडं बरोबर असावं.

निघण्याआधी घरच्या किंवा ओळखीच्या एका व्यक्तीला कागदावर लिहून द्या: कोणती वाट, गाडीचा रंग आणि नंबर, किती जण, परत येऊन फोन करायची वेळ. त्या वेळेनंतर दोन तासांत तुमचा फोन आला नाही तर तिने ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर कळवायचं आणि अभयारण्याचं नाव व कॅन्यनचं नाव दोन्ही सांगायचं.